शेवटच्या दिवसाचे छायाचित्र

परदेशवारीहून परतलेली कुटुंबे धर्मगुरुनिवासात छायाचित्रे दाखवायला येतात, तेव्हा आम्हा धर्मगुरूंना संयमाचे व्रत पाळावे लागते. पूर्वी आल्बम असे. पाने उलटून संपत. आता मोबाइल असतो आणि बोट सरकत राहिले की डोंगरामागून डोंगर येत राहतात. यजमानाच्या उत्साहाला तडा जाऊ नये म्हणून आपण "वा, वा" म्हणत राहतो. क्वचित जांभई गिळतो.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक जोडपे असेच आले. दोघेही साठीच्या आसपास, लग्नाला तीस वर्षे झालेली. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्या शिक्षिका होत्या. २०२३ सालच्या नोव्हेंबरअखेर त्यांनी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर भाड्याची मोटार घेऊन आठ दिवस प्रवास केला होता. मोटार ते चालवीत, छायाचित्रे त्या काढीत. क्राइस्टचर्चहून निघून आर्थर्स पास ओलांडायचा, पश्चिम किनाऱ्याने हिमनद्यांच्या प्रदेशात उतरायचे, हास्टची खिंड चढून वानाका आणि क्वीन्सटाउनच्या सरोवरांकडे जायचे, मग लिंडिस पासवरून टेकापो आणि परत क्राइस्टचर्च. सारा मिळून सुमारे १,२०० किलोमीटरांचा फेरा.

मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो. सातव्या दिवसाच्या संध्याकाळी टेकापो सरोवराचे निळे पाणी दिसले आणि छायाचित्रे संपली. पुढचे चित्र थेट वसईच्या घरातले, बॅगा उघडतानाचे.

"आठवा दिवस कुठे गेला?" मी सहज विचारले.

दोघेही गप्प झाले. बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

पुढे जे सांगतो आहे ते मला चहाच्या टेबलावर कळले, पापनिवेदनाच्या जागी नव्हे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. दोघांनीही हा लेख छापण्यापूर्वी वाचला आहे. बाईंनी दोन ठिकाणी दुरुस्तीही केली आहे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू असल्याचे निदान केले होते. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. दृष्टी कडेकडेने झिजत जाते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने उरलेली राखता येते, इतकेच. यातली सर्वांत विलक्षण गोष्ट मला त्या दिवशी समजली. काचबिंदूच्या रुग्णाला डोळ्यांपुढे काळा डाग दिसत नाही. जिथले दिसत नाही तिथली पोकळी मेंदू आजूबाजूच्या रंगांनी भरून काढतो. त्यामुळे आपल्याला काही दिसत नाही, हेच त्याला दिसत नाही. यांच्या डाव्या डोळ्याचे क्षेत्र बहुतेक गेले होते आणि उजव्याची कड झिजू लागली होती. डॉक्टरांनी बजावले, "गाडी शक्यतो चालवू नका."

घरी आल्यावर बाईंनी विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?"

"थेंब दिलेत. वय झालं आता," हे म्हणाले.

थेंब दिले होते, हे खरे. वय झाले होते, हेही खरे. आणि 'शक्यतो' या एका शब्दाच्या आडोशाने या सज्जन गृहस्थांनी जवळजवळ हजार किलोमीटर मोटार हाकली. पश्चिम किनाऱ्याच्या त्या रस्त्यावर एकेरी पूल बरेच आहेत; समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे की आपण जायचे हे फलक पाहून ठरवावे लागते. ते सगळे पूल त्यांनी पार केले.

टेकापोला शेवटच्या दिवशी सकाळी दोघे काठावरच्या चर्चमध्ये गेले. दगडी, बुटके, १९३५ साली बांधलेले हे चर्च उत्तम मेंढपाळाच्या नावाने आहे आणि अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व कॅथलिक अशा तिन्ही मंडळ्या तिथे उपासना करतात. तो सारा मुलूख मेंढपाळांचा. गमतीची गोष्ट अशी की, त्या मुलखाला नाव मात्र मेंढ्या चोरल्याच्या आरोपावरून शिक्षा झालेल्या माणसाचे आहे. जेम्स मॅकेन्झी १८५५ साली हजार मेंढ्यांसह पकडला गेला, त्याला पाच वर्षांची सजा झाली आणि खटल्यातील उणिवांमुळे पुढच्याच वर्षी माफीही मिळाली. चोर होता की नाही, याचा निकाल आजही कोणी छातीठोकपणे देत नाही. मुलूख मात्र त्याच्या नावाचा झाला. चर्चपासून थोड्या अंतरावर मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या स्मरणार्थ एक पुतळाही आहे. हे विषयांतर झाले, पण उत्तम मेंढपाळाच्या दारात चोराचे नाव आणि राखणीच्या कुत्र्याचा पुतळा एकत्र नांदतात, हे वाचल्यापासून मला ती जागा फार आवडू लागली आहे.

त्या चर्चमध्ये वेदीच्या मागे रंगीत काचांची खिडकी नाही. साधी काच आहे आणि तिच्यातून थेट सरोवर व पलीकडची बर्फाची शिखरे दिसतात. टेकापोच्या पाण्याचा निळा रंग दुधात नीळ कालवल्यासारखा आहे. हिमनदी सरकताना खाली खडक दळला जातो, जात्यात धान्य दळावे तसा. ते पीठ इतके बारीक असते की पाण्यात तरंगत राहते आणि सूर्यप्रकाशाने तो रंग धरतो. आत छायाचित्र काढण्यास मनाई आहे. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि आठ दिवसांत प्रथमच हात रिकामे ठेवून त्या नवऱ्याशेजारी बसल्या.

"फादर," ते मला म्हणाले, "ती खिडकी बघितली आणि मला घाम फुटला. भिंतीमधून जेवढं दिसत होतं ना, तेवढंच मला आता सगळीकडे दिसतं. मधलं तेवढं. मी तेव्हाच सांगणार होतो. नाही सांगितलं."

बाहेर पडून दहा मिनिटे झाली नाहीत तोच गावातल्या वळणावर डावीकडून एक तरुण मुलगी सायकलवर आली. बाई किंचाळल्या. ब्रेक लागला. मोटार आणि सायकल यांच्यात वीतभर अंतर उरले. मुलीने पाय टेकला, छातीवर हात ठेवला, क्षणभर दोघांकडे पाहिले. मग हात वर करून "असू द्या" अशी खूण केली आणि निघून गेली. आपण कशाची क्षमा केली, हे तिला कधीच कळणार नाही.

ते मोटार कडेला लावून बसले आणि त्यांनी सारे सांगितले. बाई उतरून काठावरच्या दगडांवर जाऊन बसल्या. भोवती ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुले माजली होती. दिसायला स्वर्ग; प्रत्यक्षात हे बाहेरून आणलेले रोप, नद्यांच्या पात्रांत पसरून तिथल्या पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा बळकावणारे. हे बाईंनी आदल्या दिवशीच वाचले होते. अर्ध्या तासाहून अधिक वेळ त्या तशाच बसून होत्या. मग परत येऊन त्यांनी हात पुढे केला. "किल्ली."

येथपर्यंत ऐकून मी काय बोलावे, हे मला सुचेना. माझ्यासारख्या माणसाकडून अशा वेळी निर्णयाची अपेक्षा असते. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला असत्याचा प्रश्न आम्ही घोकला होता. संत अगस्तीन यांनी असत्यावर दोन ग्रंथ लिहिले, पहिला सुमारे ३९५ साली आणि दुसरा सुमारे ४२० साली. दुसऱ्यात ते एक प्रसंग मांडतात. एक माणूस अत्यवस्थ आहे, त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे. बातमी कळली तर तो धक्क्याने जाईल. आणि तो विचारतो आहे, माझा मुलगा कसा आहे? असे प्रसंग आपलेही मन हलवतात, हे अगस्तीन मोकळेपणाने कबूल करतात. तरीही त्यांचा निर्णय बदलत नाही. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी असत्याचे तीन प्रकार सांगितले: अपाय करणारे, थट्टेचे आणि उपकाराचे. उपकाराचे असत्य हेही पापच, पण हलके. आम्हा विद्यार्थ्यांना त्या तिसऱ्या प्रकाराचा मोठा दिलासा वाटे.

पण हे गृहस्थ खोटे बोललेच कुठे? थेंब दिले होते, वय झाले होते. मनात एक अट राखून अर्धे वाक्य बोलायचे आणि तेवढ्याने सुटायचे, ही युक्ती काही नीतिपंडितांनी एके काळी इतकी ताणली की १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांना तिच्या टोकाच्या रूपाचा निषेध करावा लागला. आपल्या मराठी मनाला यासाठी रोमला जायला नको. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे. अश्वत्थाम्याविषयी अर्धे वाक्य मोठ्याने आणि अर्धे हळू बोलल्यावर तो जमिनीला टेकला. शब्द खरे होते, तरी चाके धुळीत आलीच.

सायकलवरच्या मुलीपुरता माझा निर्णय स्पष्ट होता आणि मी तो दिलाही. "तुम्ही चूक केलीत. त्या मुलीचा तुमच्या डोळ्यांशी काही संबंध नव्हता, तुमच्या सहलीशी नव्हता. तिला कोणी विचारले होते?" प्रेमापोटी आपण स्वतःचा जीव पणाला लावू शकतो, परक्याचा लावण्याचा अधिकार प्रेमाला नाही. ते मान खाली घालून "हो" म्हणाले. यात वाद नव्हता. इथे कोणत्याही ग्रंथाची गरजही नव्हती.

गुंता होता तो दुसऱ्या बाजूला. त्यांनी आपली बाजू मांडली, आणि ती मला आजही सहज बाजूला सारता येत नाही. "मी सांगितलं असतं तर आम्ही गेलो असतो का, फादर? हिने तिकिटं रद्द केली असती. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात मला फिरवलं असतं. आणि गेलो असतो तरी ही डोंगराकडे बघितली नसती, माझ्या डोळ्यांकडे बघत बसली असती. तीस वर्षं हिने वाडी, शाळा, माझी आई, मुलं, हेच बघितलं. हिला एकदा आठ दिवस नुसतं बघू द्यावं, असं मला वाटलं."

एखाद्याला आनंद देण्यासाठी दुःखाची बातमी थांबवून ठेवणे, याला पाप म्हणायला जीभ चटकन वळत नाही. त्या आठ दिवसांत बाई खरोखर आनंदी होत्या. छायाचित्रांत तो आनंद दिसत होता. नवऱ्याने काही दडवले म्हणून तो आनंद खोटा ठरतो काय? मला तसे वाटत नाही. अज्ञानात अनुभवलेली पहाटसुद्धा पहाटच असते.

पण बाई काय म्हणाल्या ते ऐका. त्या संतापल्या होत्या, आणि संताप जिवावरच्या धोक्याचा नव्हता. "मी एकटीच बघत होते," त्या म्हणाल्या. "आठ दिवस मी खिडकीतून बघत होते आणि मला वाटत होतं, आम्ही दोघं बघतोय. डाव्या बाजूला धबधबा आला की मी नुसती 'बघा, बघा' म्हणायची आणि हे 'हो, छान' म्हणायचे. मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं, केवढा आहे, कुठून पडतो, पाणी कोणत्या रंगाचं आहे. दोघांपुरतं बघितलं असतं."

नवऱ्याने तिला बघण्याची मोकळीक दिली होती, आणि तिला तर दोघांपुरते बघायचे होते. तिच्यासाठी काय चांगले, हे त्याने एकट्यानेच ठरवले. दडवणाऱ्या माणसाचा हेतू कितीही निर्मळ असला तरी तो दोघांच्या वाटणीचा निर्णय एकट्याच्या खात्यावर घेतो. विवाहाच्या वेळी आजारात व आरोग्यात साथ देण्याचे वचन आपण देतो. ते देणाऱ्याचे जसे कर्तव्य, तसा घेणाऱ्याचाही त्यात हक्क आहे, याचा मी स्वतः पंचवीस-तीस वर्षे लग्ने लावूनही नीट विचार केला नव्हता. आजार लपवणारा आपल्या जोडीदाराला त्रासातून वाचवतो असे मानतो. खरे पाहता तो त्याच्या हातून वचनपूर्तीची संधी काढून घेतो.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, त्याला माझे स्वतःचेही कारण आहे. माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही भावंडांनी तिला कर्करोग असल्याचे सांगितले नाही. पोटात अल्सर आहे, असे सांगितले. मी तेव्हा धर्मगुरू होतो. दर आठवड्याला आजाऱ्यांना भेटत होतो, त्यांच्या कपाळावर तेल लावत होतो, आणि घरी आलो की हसून अल्सरच्या पथ्याविषयी बोलत होतो. अगस्तीनचा तो अत्यवस्थ बाप मला तोंडपाठ होता. जाण्यापूर्वी आठवडाभर आई मला म्हणाली, "तुम्ही सगळे एवढं हसता, मला दमायला होतं." तिला सारे ठाऊक होते. आमचे मन मोडू नये म्हणून तीही आमच्यासमोर अल्सरची रुग्ण बनून राहिली होती. आम्ही तिला जपत होतो, ती आम्हाला जपत होती, आणि त्या जपण्यात आमचा एकमेकांशी बोलण्याचा शेवटचा काळ सरून गेला. तेव्हा मी अक्वायनसच्या तिसऱ्या प्रकाराचा आधार घेतला होता. आज घेणार नाही.

बाईंनी किल्ली घेतल्यावर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पहिल्या दिवशी मोटार घेताना नवऱ्याने त्यांचेही नाव दुसरी चालक म्हणून नोंदवले होते. परवाना काउंटरवर दाखवायला लावला होता. "असू दे, हाताशी असलेलं बरं," असे म्हणाले होते. बाईंना ती नुसती औपचारिकता वाटली होती. वसईत त्यांनी बाजार आणि चर्च यापलीकडे मोटार फारशी नेलेली नव्हती. आता त्यांना कळले की, हा दिवस येऊ शकतो हे याने आधीच जाणले होते. "मला आणखी राग आला," त्या म्हणाल्या. "आणि आणखी रडू आलं. माझ्यावर भरवसा होता, फक्त मला सांगायचा नव्हता."

टेकापो ते क्राइस्टचर्च सुमारे २३० किलोमीटर. एरवी तीन तास पुरतात. यांना पाच लागले. बर्क्स पास ओलांडला की डोंगर मागे पडतात, फेअरली आणि जेराल्डीनची छोटी गावे लागतात आणि मग कँटरबरीचे सपाट मैदान सुरू होते. प्रवासाच्या पुस्तकांत या टप्प्याला दोन ओळीही मिळत नाहीत. ताशी शंभरची मुभा असलेल्या रस्त्यावर बाई सत्तरने चालल्या होत्या. मागे मोटारींची रांग लागली की कडेला घ्यायच्या, सर्वांना जाऊ द्यायच्या, पुन्हा रस्त्याला लागायच्या. राकाइया नदीवरचा पूल पावणेदोन किलोमीटर लांबीचा, त्या देशातला सर्वांत लांब रस्तापूल. खाली नदी म्हणजे गोट्यांच्या अफाट पात्रात वेणीसारख्या विस्कटून पुन्हा गुंफल्या जाणाऱ्या पाण्याच्या बटा. तो पूल ओलांडताना बाईंनी स्टिअरिंग इतके घट्ट धरले होते की उतरल्यावर बोटे सरळ होईनात.

छायाचित्र का नाही, ते आता उघड होते. काढणाऱ्याचे हात गुंतलेले होते.

"मग तुम्ही काय पाहिलेत?" मी त्यांना विचारले. "त्या दिवशी तर तुम्हाला मोकळीक होती. पाच तास."

ते थोडे लाजले. "तिथं चालवणारा उजवीकडे बसतो, आपल्यासारखाच. सात दिवस ही माझ्या डावीकडे होती. मान वळवल्याशिवाय मला ही दिसतच नव्हती, फादर. आवाज यायचा, माणूस नाही. शेवटच्या दिवशी ही उजवीकडे आली. मी डोंगरबिंगर काही बघितलं नाही. राकाइयाचा पूल मला हिच्याकडूनच कळला."

बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. चहा निवून गेला होता. डोळ्यांत थेंब आता दिवसातून किती वेळा घालायचे असतात ते त्यांनी मला सांगितले, घालतात त्याच. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला डॉक्टरांकडे नेले आणि डॉक्टरांना 'शक्यतो' हा शब्द पुन्हा न वापरण्याची तंबी दिली. मुलांना मात्र दोघांनी अजून सांगितलेले नव्हते. "परदेशी आहेत, उगाच काळजी करतील," बाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि थांबल्या. मी काही बोललो नाही. नवरा पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला.

त्यांना पोचवायला मी फाटकापर्यंत गेलो. बाई चालकाच्या जागेवर बसल्या. फाटकातून रस्त्यावर वळताना त्यांच्या शेजारी बसलेल्या त्या गृहस्थांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, नीट पाहिले, मग उजवीकडे पाहिले.

"चल," ते म्हणाले. "कोणी नाही."

बाईंनी स्वतः एकदा डावीकडे पाहून घेतले आणि गाडी काढली.